दादोबा पांडुरंग : इंग्रजी व्याकरणाचा साचा आणि मराठी गद्याची शिस्त

१

मराठी भाषेच्या व्याकरणाचा विचार निघाला की दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे नाव प्रथम घेतले जाते. ‘मराठी भाषेचे पाणिनी’ हे बिरुद त्यांना मागाहून चिकटले आणि ते आजवर टिकून आहे. तथापि हे बिरुद एका दृष्टीने फसवे आहे. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या शास्त्र्याचे शिक्षण दादोबांना मिळालेले नव्हते. ते मुंबईतील इंग्रजी शाळेत घडले होते, आणि त्यांच्या व्याकरणाचा आराखडा अष्टाध्यायीवरून आलेला नसून यॉर्क शहरी राहणाऱ्या एका अमेरिकन वकिलाच्या शालेय पुस्तकावरून आलेला आहे. लिंडले मरे हे त्याचे नाव. इंग्रजी मुलामुलींना आपली भाषा बिनचूक बोलता-लिहिता यावी म्हणून त्याने रचलेले पुस्तक मुंबईच्या एका तरुणाने मराठीसाठी वापरले. या व्यवहारातून मराठीच्या पदरात काय पडले आणि कोणत्या ठिकाणी तो साचा अपुरा ठरला, हा प्रश्न दादोबांच्या चरित्राच्या मध्यभागी आहे. एकोणिसाव्या शतकात भारतातील बहुतेक सर्व भाषांपुढे हाच प्रश्न या ना त्या रूपाने उभा राहिला असल्यामुळे दादोबांच्या चरित्राला मराठीबाहेरही महत्त्व आहे.

२

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस खेतवाडीत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे. आडनाव त्यावरून पडले. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे यशोदा. या दोन्ही नावांचा संयोग पुढे दादोबांनी आपल्या एका ग्रंथाच्या शीर्षकात करून ठेवला आहे. पाठचे दोन भाऊ भास्कर आणि आत्माराम हेही पुढे आपापल्या परीने प्रसिद्धीस आले.

दादोबांचे बालपण गेले तो काळ पश्चिम हिंदुस्थानात मोठ्या स्थित्यंतराचा होता. १८१८ साली पेशवाई संपली. १८१९ ते १८२७ या काळात मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता. १८२२ साली देशी लोकांच्या शिक्षणासाठी पुस्तके तयार करणारी आणि शाळा चालविणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली. पुढे तीच नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. शाळा निघाल्या, परंतु शिकवायला पुस्तके नव्हती. पुस्तके करावीत तर गणित, भूगोल, पदार्थविज्ञान यांना मराठी परिभाषा नव्हती. शब्दांचे लिंग, रूपे आणि लेखन यांबाबत वाद पडला तर ज्याच्याकडे बोट दाखवावे असा मान्य ग्रंथही नव्हता. ही अडचण दूर करण्यासाठी कोशाचे काम आधी झाले. मोल्सवर्थ आणि कँडीबंधू यांनी पंडितांच्या साहाय्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली बाहेर पडला. व्याकरणाची जागा मात्र मोकळीच राहिली होती.

ती अगदीच मोकळी होती असे म्हणणे अचूक होणार नाही. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण १६४० साली छापले गेले होते. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूर येथून मराठीचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले होते. सोसायटीच्या आश्रयाने शास्त्रीमंडळींनीही व्याकरणाचे लेखन आरंभिले होते. परंतु यांपैकी पहिल्या दोन पुस्तकांचा वाचक पाद्री किंवा कंपनीचा अधिकारी, म्हणजे मराठी शिकू पाहणारा परका मनुष्य होता. मराठी बोलणाऱ्या मुलाच्या हाती त्याच्याच भाषेत देता येईल आणि शाळेच्या वर्गात धड्याप्रमाणे शिकविता येईल असे पुस्तक हवे होते.

दादोबा सोसायटीच्या इंग्रजी शाळेत शिकले. त्यांचा समकालीन म्हणून बाळशास्त्री जांभेकरांचे नाव प्रथम डोळ्यापुढे येते. वयाने दोघांत फारसे अंतर नाही, आणि ज्या १८३६ साली दादोबांचे व्याकरण निघाले त्याच साली बाळशास्त्र्यांचे ‘बालव्याकरण’ही निघाले. या योगायोगातून त्या पिढीची गरज कळते. इंग्रजी शिकताना या मुलांना व्याकरण हा विषय पहिल्याने भेटला. वाक्याचे अवयव सुटे करून दाखविणे, शब्दाची जात ओळखणे, कर्ता व क्रियापद यांचा मेळ तपासणे ही कवायत त्यांनी परक्या भाषेवर केली, आणि मग त्यांचे लक्ष आपल्या भाषेकडे वळले. जी मराठी ते जन्मापासून बिनदिक्कत बोलत होते तिचे नियम त्यांना सांगता येत नव्हते.

३

ज्या पुस्तकाचा आदर्श दादोबांपुढे होता त्याची थोडी ओळख येथे करून घेणे उचित होईल. लिंडले मरे (१७४५–१८२६) हा मूळचा अमेरिकन, क्वेकर पंथाचा, पेशाने वकील. प्रकृतीच्या कारणास्तव तो इंग्लंडात येऊन यॉर्कजवळ स्थायिक झाला. तेथील मुलींच्या एका शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्याने इंग्रजीचे व्याकरण लिहिले. ते १७९५ साली छापले गेले. त्यात मौलिक असे फार थोडे आहे. बिशप लाउथ आणि इतर पूर्वसूरींचे सिद्धांत त्याने निवडून, क्रम लावून, व्याख्या, नियम व अभ्यास अशा मांडणीत दिले. त्या मांडणीच्या बळावर पुढील अर्धशतकभर इंग्लंड, अमेरिका आणि ब्रिटिश वसाहती यांतील शाळांत हे पुस्तक चालले.

या पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्यात वर्ण आणि लेखन, दुसऱ्यात शब्दांच्या जाती व रूपे, तिसऱ्यात वाक्यरचना, चौथ्यात उच्चार व छंद. विरामचिन्हांचे सविस्तर विवेचनही त्याने केले आहे. अखेरीस जोडलेल्या परिशिष्टात स्पष्ट व अचूक लेखनाचे नियम आहेत. योग्य शब्द कसा निवडावा, नेमक्या अर्थापलीकडे शब्द कसे वाढवू नयेत, वाक्यात एका वेळी एकच मुख्य गोष्ट कशी ठेवावी, जी पदे अर्थाने जवळची ती जागेनेही जवळ कशी असावीत, असा सगळा व्यवहार्य उपदेश त्यात आहे. पत्र लिहिणारा व्यापारी, निवाडा लिहिणारा न्यायाधीश, हिशेबाचा खुलासा करणारा कारकून या सर्वांना तो उपयोगी पडावा असा आहे. संस्कृत परंपरेत व्याकरणाने शब्दांचे साधुत्व ठरविले जाई. मरेच्या पुस्तकात त्याच्या जोडीला लिहिणाऱ्याचे म्हणणे वाचणाऱ्यापर्यंत निखळ पोहोचविण्याचे कामही व्याकरणाकडे आले होते.

मराठी लेखनव्यवहाराच्या तेव्हाच्या स्थितीशी हे ताडून पाहिले म्हणजे दादोबांना या पुस्तकाचे आकर्षण का वाटले असावे हे ध्यानी येते. मराठीत कागदपत्रांची परंपरा समृद्ध होती. दप्तरांत लाखो कागद होते. पत्राचा मायना, तिथी, अखेरचे विनंतीवचन यांचे संकेत काटेकोर होते. परंतु हा व्यवहार मोडी लिपीत चाले. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती, ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नव्हता, विरामचिन्हे नव्हती. वाचणारा मुरलेला असेल तर संदर्भाने अर्थ लागे. ‘अर्ज मंजूर नाही नामंजूर’ असे एखादे वाक्य कल्पिले, तर थांबा कोठे घ्यावा यावर अर्जदाराचे भवितव्य अवलंबून राहते. ज्या समाजात लिहिणारा व वाचणारा एकाच परंपरेत वाढलेले असतात तेथे हे चालून जाते. कंपनी सरकारच्या राज्यात हुकूम इंग्रजीत निघे, त्याचे भाषांतर मुंबईत होई आणि ते धुळ्याच्या किंवा रत्नागिरीच्या मामलतदारापर्यंत जाई. लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा परस्परांशी परिचय उरला नव्हता. अशा वेळी अर्थाची जबाबदारी वाक्याच्या बांधणीनेच उचलली पाहिजे, ही गरज नव्याने उत्पन्न झाली होती.

४

‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हे पुस्तक १८३६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा दादोबांचे वय बावीस वर्षांचे होते. मरेच्या पुस्तकाचा क्रम त्यांनी ठेवला. वर्ण, शब्द आणि वाक्य अशा पायऱ्यांनी विषय मांडला. शब्दांच्या जाती लावताना मात्र त्यांना पहिली तडजोड करावी लागली. मरेने इंग्रजीत शब्दांच्या नऊ जाती मानल्या होत्या. त्यांतील एक, नामामागे येणारे उपपद, मराठीत नाहीच. ते गाळल्यावर आठ उरतात. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी ही आठ नावे दादोबांच्या व्याकरणाने शाळांतून रूढ केली. महाराष्ट्रातील विद्यार्थी आजही हीच नावे पाठ करतो; त्यांच्यामागे एका इंग्रजी यादीचे मराठी रूपांतर आहे याची त्याला कल्पना नसते.

या रूपांतरात नुसते शब्दाला शब्द ठेवणे नव्हते. इंग्रजीत संबंध दाखविणारा शब्द नामाच्या आधी येतो, मराठीत तो नामाला मागून चिकटतो. दादोबांच्या परिभाषेतील ‘शब्दयोगी’ या नावात स्थानाचा उल्लेख नाही, योगाचा आहे. ‘उभयान्वयी’ या नावात दोन बाजूंशी अन्वय सांधण्याचे कार्य सांगितले आहे. संस्कृत शब्दांच्या आधाराने नावे घडवून कल्पना मात्र इंग्रजी पद्धतीची घ्यावयाची, ही रीत त्या पिढीने शास्त्रीय परिभाषेच्या इतर क्षेत्रांतही वापरली. व्याकरणात ती सर्वांत अधिक टिकली.

विभक्तीच्या प्रकरणी अडचण वाढली. मरेने इंग्रजी नामाला तीनच विभक्ती मानल्या होत्या. मराठी नामाची रूपे त्या तीन कप्प्यांत मावण्यासारखी नव्हती. येथे दादोबांनी संस्कृताकडे धाव घेतली आणि प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्तींची मालिका मराठीला लावली. सोय झाली, पण एक गुंताही मागे राहिला. संस्कृतात विभक्ती हा प्रत्ययाचा वर्ग आहे आणि कारक हा अर्थाचा. मराठीत एकच प्रत्यय अनेक अर्थ दाखवितो आणि प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. प्रत्ययावरून विभक्ती ठरवावी की अर्थावरून, या प्रश्नावर पुढील पन्नास वर्षे मराठी वैयाकरण भांडत राहिले.

खरी कसोटी लागली ती प्रयोगाच्या प्रकरणात. इंग्रजीचा अगदी प्राथमिक नियम असा की, क्रियापद कर्त्याला अनुसरते. कर्ता एकवचनी तर क्रियापद एकवचनी, कर्ता अनेकवचनी तर क्रियापद अनेकवचनी. इंग्रजी लेखनातील कित्येक चुका या नियमाच्या विस्मरणातून होतात, म्हणून शाळेत त्याच्यावर भर असतो. हा नियम मराठीला जसाच्या तसा लावू गेल्यास पहिल्याच भूतकाळी वाक्याशी तो मोडतो. ‘कारकून अर्ज लिहितो’ येथे क्रियापद कारकुनाच्या मागे जाते. ‘कारकुनाने अर्ज लिहिला’ आणि ‘कारकुनाने चिठ्ठी लिहिली’ येथे ते कर्त्याला सोडून अर्जाच्या आणि चिठ्ठीच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘शिपायाने चोरांना पकडले’ येथे ते कर्ता आणि कर्म दोघांनाही सोडून स्वतंत्र नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहते. मराठी मुलाचे यात कधी चुकत नाही, पण त्याला कारण सांगता येत नाही. इंग्रजी व्याकरणात कर्तरी व कर्मणी अशा दोन रचना आहेत खऱ्या. तथापि ‘कारकुनाने चिठ्ठी लिहिली’ हे वाक्य इंग्रजी अर्थाने कर्मणी नाही, कारण त्यात कर्त्यावरचा भर कमी होत नाही. दादोबांना येथे संस्कृतातील कर्तरी, कर्मणी आणि भावे या तीन प्रयोगांची व्यवस्था घेऊन मराठीवर बसवावी लागली. इंग्रजीच्या साच्याने त्यांना या प्रश्नापर्यंत आणून सोडले. उत्तराची सामग्री त्यांनी दुसरीकडून घेतली.

व्याकरणाची सुधारलेली व वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५० साली निघाली. शालेय उपयोगासाठी लघुव्याकरण १८६५ साली निघाले. मूळ व्याकरणाला पुरवणी म्हणून ‘पूरणिका’ १८८१ साली, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी आली. पंचेचाळीस वर्षे एकाच विषयावर मनुष्य काम करीत राहतो आणि पहिल्या पुस्तकाला प्रमाण न मानता त्यात भर घालीत जातो, ही गोष्ट बिरुदापेक्षा अधिक महत्त्वाची मानली पाहिजे.

५

दादोबांचा सारा व्यवसाय मुख्यतः अध्यापनाचा व पुढे प्रशासनाचा होता. माळव्यातील जावरा संस्थानाच्या नबाबाचे शिक्षक म्हणून त्यांनी काही काळ काम केले. १८४० साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षक झाले आणि १८४१ साली सुरतेच्या इंग्रजी शाळेत गेले. सुरतेस दुर्गाराम मंछाराम, दिनमणिशंकर, दलपतराम या गुजराती सहकाऱ्यांसह २२ जून १८४४ रोजी त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद व मूर्तिपूजा यांना सोडून एकेश्वरी उपासनेकडे वळावे, भूतखेत व मंत्रतंत्र यांचा भ्रम सोडावा, असा या सभेचा प्रचार होता. हीच विचारधारा घेऊन १८४९ साली मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. तिचे काम गुप्तपणे चाले, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटल्यावर ती मोडली. तिच्यातून उरलेल्या तरुणांच्या आकांक्षांना १८६७ साली प्रार्थनासमाजात उघड रूप मिळाले. त्या समाजाचे पहिले अध्यक्ष दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते.

ज्या वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचे अकाली निधन झाले त्या १८४६ साली दादोबा मुंबईच्या नॉर्मल क्लासवर आले. गावोगावच्या मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणे हे या वर्गाचे काम होते. त्यामुळे त्यांचे व्याकरण पुस्तकाच्या पानांतून निघून शिक्षकांच्या मुखात गेले. १८४८ साली स्थापन झालेल्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. या सभेचे मासिक पुढे मराठी गद्याचे एक महत्त्वाचे क्षेत्र ठरले.

याच वर्षांत मुंबईच्या शिक्षणमंडळात एक निर्णायक वाद चालू होता. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे असा होता. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू लावून धरली. उच्च ज्ञान मराठीत आणता येणार नाही, तिला तेवढी शिस्त नाही, हा आक्षेप अशा वादात नेहमीच येतो. दादोबांचे व्याकरण, कँडींचे कोशकार्य आणि जांभेकरांची पाठ्यपुस्तके यांमुळे त्या आक्षेपाला मराठीच्या बाजूने दाखवायला काही तरी ठोस हाती होते. व्यवहारात पेरींच्या मताचा जोर अधिक झाला. उच्च शिक्षण इंग्रजीकडे गेले, प्राथमिक शिक्षण आणि जिल्ह्याचा कारभार मराठीकडे राहिला. दादोबांच्या व्याकरणाचे कार्यक्षेत्र त्यामुळे आपोआप ठरले. ते शाळेचे आणि कचेरीचे व्याकरण झाले.

विरामचिन्हांची कथाही याच संदर्भात येते. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक काढून इंग्रजीतील स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम इत्यादी चिन्हे मराठीत वापरण्याचे नियम सांगितले. दादोबांच्या व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीचे वर्षही तेच. वाक्याचे अवयव कोणते हे एकाने शिकविले; ते डोळ्यांना वेगळे कसे दाखवावे हे दुसऱ्याने. छापखान्याने दोहोंचा प्रसार केला. आज आपण जे मराठी गद्य सहजपणे वाचतो त्याची दृश्य घडण या दशकात झाली आहे.

६

१८५२ साली दादोबा शिक्षणखाते सोडून अहमदनगर येथे डेप्युटी कलेक्टर झाले. तेथील भिल्लांच्या उठावाच्या वेळी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली. व्याकरणकार प्रशासक झाला ही घटना चरित्रकारांनी बहुधा नोकरीतील बढती म्हणून नोंदविली आहे. परंतु भाषेच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. वरिष्ठांशी इंग्रजीत, रयतेशी आणि हाताखालच्या अंमलदारांशी मराठीत, असा दुहेरी लेखनव्यवहार डेप्युटी कलेक्टराच्या पदाशीच बांधलेला असे. दोन भाषांच्या सीमेवर अर्थ निसटू नये ही चिंता दादोबांनी पुस्तकात मांडली होती. आता तिच्याशी त्यांचा रोजचा संबंध आला.

इंग्रजीवरील प्रभुत्वाचा तर्खडकर बंधूंनी केलेला उपयोग एकसारखा नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बॉम्बे गॅझेट’ या पत्रात ‘ए हिंदू’ या टोपणनावाने आठ पत्रे लिहून कंपनी सरकार या देशाची आर्थिक लूट कशी करीत आहे हे तर्कशुद्ध इंग्रजीत मांडले. दादाभाई नौरोजींच्या विवेचनाच्या कित्येक वर्षे आधीची ही टीका आहे. राज्यकर्त्याच्या व्याकरणात, राज्यकर्त्याच्या वाक्यरचनेत, राज्यकर्त्याला जाब विचारणे हा त्या शिक्षणाचा अनपेक्षित परिणाम होता. भास्कर १८४७ साली तरुणपणीच वारले. एक भाऊ सरकारी अधिकारी आणि दुसरा सरकारचा कठोर टीकाकार, आणि दोघांचीही घडण एकाच शिक्षणातून. या घराण्याच्या इतिहासात त्या पिढीतील अंतर्विरोध एकत्र पाहावयास मिळतो. पुढच्या पिढीतही इंग्रजीचा हा वारसा चालू राहिला. १८७८ साली इंग्लंडला जाण्यापूर्वी रवींद्रनाथ ठाकूर मुंबईस आत्मारामांच्या घरी राहिले होते, आणि त्यांना इंग्रजी संभाषणाचे धडे देणारी अन्नपूर्णा ही आत्मारामांची कन्या. याच आडनावाचे द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतरपाठमालेवर तर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. दादोबांनी इंग्रजी व्याकरणाच्या आधारे मराठी समजावून दिली. पाठमालेने मराठी वाक्यांच्या आधारे इंग्रजी शिकविली. एकाच वाटेवरून झालेला हा उलटा प्रवास आहे.

दादोबांचे उत्तरायुष्यातील लेखनही व्याकरणापुरते मर्यादित नाही. मोरोपंतांच्या केकावलीवरील ‘यशोदापांडुरंगी’ ही टीका १८६५ साली प्रसिद्ध झाली. आईवडिलांच्या नावांचा उल्लेख वर आला तो या ग्रंथाच्या संदर्भात. जुन्या काव्याकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याचा, शब्दार्थ, अन्वय, अलंकार आणि गुणदोष यांची चर्चा गद्यात करण्याचा हा मराठीतील आरंभीचा मोठा प्रयत्न होय. ज्या हातांनी वाक्याचे अवयव सोडविले त्यांनीच येथे पंतांच्या दुर्घट रचनेतील अन्वय सोडविला आहे. धर्मविषयक लेखनात ‘धर्मविवेचन’ आणि ‘पारमहंसिक ब्राह्मधर्म’ हे ग्रंथ येतात. स्वीडनबॉर्ग या स्वीडिश तत्त्वज्ञाच्या विचारांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८७८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आत्मचरित्र त्यांनी आयुष्याच्या पूर्वार्धापुरतेच लिहिले. ते बराच काळ अप्रकाशित राहिले आणि अ. का. प्रियोळकर यांनी १९४७ साली संपादून, उरलेल्या आयुष्याच्या चरित्राची जोड देऊन प्रसिद्ध केले. दादोबांविषयीच्या आपल्या माहितीचा मुख्य आधार तोच ग्रंथ आहे. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले.

७

दादोबांच्या हयातीतच त्यांच्या व्याकरणावर कठोर टीका झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शाळापत्रका’तून मराठी व्याकरणावर निबंध लिहून विभक्ती, प्रयोग इत्यादी विषयांत दादोबांच्या व्यवस्थेतील दोष दाखविले. कृष्णशास्त्री गोडबोले यांचे नवे व्याकरण १८६७ साली आले. रामचंद्र भिकाजी जोशी यांचे ‘प्रौढबोध व्याकरण’ १८८९ साली आले. अखेर मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात पूर्वीच्या सर्व मतांचा परामर्श घेतला. या परंपरेत दादोबांचे अनेक निर्णय बदलले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी तर इंग्रजी व संस्कृत या दोन्ही साच्यांतून मराठीला मोकळे करावे असा आग्रह धरला. कृष्ण श्री. अर्जुनवाडकर यांनी मराठी व्याकरणाचा इतिहास लिहून या उसनवारीची साद्यंत तपासणी केली.

या टीकेत तथ्य आहे. इंग्रजी शब्दजातींच्या यादीने मराठीतील काही गोष्टी झाकल्या गेल्या. संस्कृत विभक्तींच्या आठ कप्प्यांनी सामान्यरूपासारख्या खास मराठी घटनेला दुय्यम स्थान मिळाले. इंग्रजी वाक्यरचनेच्या सहवासाने सरकारी मराठीत ‘करण्यात आले’, ‘कळविण्यात येते’ अशी कर्ता लपविणारी रचना बोकाळली. या शेवटच्या दोषाची जबाबदारी मात्र व्याकरणावर टाकता येणार नाही. ती शब्दशः भाषांतर करणाऱ्या कचेरीची आहे. मरेच्या परिशिष्टातील मुख्य उपदेश कर्ता आणि क्रिया वाचकाला लगेच कळाव्यात असाच होता. कचेरीने इंग्रजीचा साचा घेतला आणि तो साचा ज्या हेतूने घडला होता तो स्पष्टतेचा हेतू मात्र सोडून दिला. दादोबांनी याच्या उलट केले. हेतू धरून ठेवला आणि जेथे साचा मराठीला काचला तेथे तो मोडला.

मराठीबाहेर या कार्याचा जो परिणाम झाला त्याकडे भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. बंगालीत राममोहन राय यांचे ‘गौडीय व्याकरण’ १८३३ साली निघाले होते. दादोबांच्या तीनच वर्षे आधी. पंजाबीचे न्यूटनकृत व्याकरण लुधियानाच्या मिशनने १८५१ साली काढले, पण ते इंग्रजीत होते आणि परक्या वाचकासाठी होते. हिंदीचे सर्वमान्य व्याकरण जबलपूरच्या पं. कामताप्रसाद गुरु यांनी लिहिले आणि काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने ते १९२० साली प्रसिद्ध केले. त्याच्या प्रस्तावनेत दामले यांच्या मराठी व्याकरणाचे ऋण स्पष्टपणे मान्य केलेले आहे. दामले यांचा ग्रंथ ज्या वादांतून उभा राहिला त्या वादांचा आरंभ दादोबांपाशी आहे. यॉर्कच्या मुलींसाठी लिहिलेल्या पुस्तकातील मांडणी मुंबई आणि पुणे या मार्गाने, वाटेत संस्कृताचे संस्कार घेऊन आणि वारंवार दुरुस्त होऊन, अशा रीतीने उत्तर हिंदुस्थानच्या शाळांपर्यंत पोहोचली. हिंदीतही सकर्मक भूतकाळी क्रियापद कर्त्याला सोडून कर्माला अनुसरते, आणि त्या रचनेचे स्पष्टीकरण गुरुंनीही प्रयोगाच्याच आधारे केले. जी अडचण १८३६ साली एका बावीस वर्षांच्या मराठी शिक्षकापुढे उभी होती तीच आठ दशकांनंतर हिंदीपुढे आली, आणि तोवर तिच्यावर काम झालेले होते.

परक्या भाषेचे व्याकरण शिकण्याचा एक लाभ असा की, आपल्या भाषेतील ज्या गोष्टी सवयीने दिसेनाशा झालेल्या असतात त्या पुन्हा दिसू लागतात. दादोबांनी तो लाभ स्वतःपुरता न ठेवता शाळेतील मुलाच्या हाती दिला. त्यांच्या ग्रंथातील कित्येक उत्तरे पुढे बदलली, तरी प्रश्नांची मांडणी त्यांनी केली तीच बराच काळ राहिली. मराठी व्याकरणाच्या इतिहासात त्यांचे स्थान त्यामुळे निश्चित झाले आहे.